रिप्लाय देणार कोण?

वरती कोणीतरी म्हटलंय की सरकारी खात्यांची सोशल मीडियावरची पेजेस म्हणजे नुसते फीत कापायचे फोटो, ते बरंचसं खरंय पण माझा राग फोटोंवर नाहीच, रिप्लायवर आहे. खाली लोक तक्रारी टाकतात आणि प्रत्येकाला तोच साचेबंद मजकूर, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे", संपला विषय! मी एकदा फोटोसकट सगळं टाकलं तर परत डीएममध्ये फोटोच मागितला राव. म्हणजे हँडल चालवणाऱ्या पोराच्या हातात काम करायचे अधिकारच नसतात, त्याला फक्त पोस्ट टाकायला बसवलेलं असतं.

आणि लोकांना विचारायचं असेल तर उत्तर पचवायची तयारी पण पाहिजे ना. २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी संशोधन परिषदेने नव्या जहाजाचं नाव ऑनलाइन मागवलं, जिंकलं 'बोटी मॅकबोटफेस', मग जहाजाला निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोंचं नाव दिलं आणि ते गमतीचं नाव त्यावरच्या एका छोट्या पाणबुडीला चिकटवलं :)

दुसरं म्हणजे सगळी भिस्त एकाच ॲपवर नको. २०२३ मध्ये ट्विटरने एपीआयला (म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आपोआप पोस्ट टाकायच्या सोयीला) पैसे लावायचं ठरवलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ट्रेन-बस चालवणाऱ्या एमटीए या सरकारी संस्थेने ट्विटरवर ट्रेन-बसचे अलर्ट टाकणंच बंद केलं, नंतर सरकारी खात्यांना फुकट दिल्यावर परत सुरू झाले. तोपर्यंत फक्त तिथेच बघणाऱ्या प्रवाशाला ट्रेन लेट आहे हे कळणार कसं? एसेमेस, वेबसाईट, स्टेशनवरचा बोर्ड हे चालू ठेवायलाच लागतं.