व्यायामशाळेत शिकवणाऱ्या पोरांना मानधन द्यावं की नाही?

दोरीवाली_ताई
आमच्याकडे संध्याकाळी मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सचे वर्ग असतात, शिकवणारे सगळे इथेच घडलेले, कोणी कॉलेजात, कोणी नुकतं नोकरीला लागलेलं, एक पैसा घेत नाहीत. मीटिंगमध्ये मी म्हटलं की यांना निदान जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडं मानधन सुरू करा, तर उत्तर काय मिळालं, पैसे आले की सेवा संपली. मला हे अजिबात पटलेलं नाही. २०१६ ला जिम्नॅस्ट दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी आली, २०१९ ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा आपल्या शिवाजी पार्कला झाली, खेलो इंडियातही मल्लखांब आला, पालक पोरांना घेऊन दारात उभे आहेत. मुलं भरपूर आहेत हो, शिकवणारे नाहीत! दोरीच्या मल्लखांबावर नवीन मूल चढवलं की पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली कातडी सोलते, मूल रडतं, तेव्हा कोणीतरी शेजारी बसून पाय धरून समजवावं लागतं आणि तेवढ्यात पलीकडे दुसरं मूल उलटं लटकलेलं असतं. हे एकट्याने कसं सांभाळायचं?

जुना_आखाडा
ताई, राग मानू नका पण मी विरोधात आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळण्यापासून गाद्या उन्हात टाकण्यापर्यंत आम्ही सगळं केलं, कोणी विचारलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं, या संस्था काय पगारावर उभ्या राहिल्या? मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, त्यामागे अख्खं आयुष्य आहे. आणि मानधन द्यायचं तर पैसे आणणार कुठून, फी वाढवूनच ना? मग वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बाईंची पोरं पहिली बाहेर जातील. त्यांच्यासाठीच तर व्यायामशाळा आहे.

ठाण्याचा_बाबा
फीचा मुद्दा बरोबर आहे काका. पण आम्ही पालक दीड तास बाहेर कट्ट्यावर मोबाईल बघत बसतो त्याचं काय? कोलांटी शिकवता येणार नाही, पण हजेरी घेणं, गाद्या मांडणं, बर्फाची पिशवी तयार ठेवणं, वर्ग सुटल्यावर कोण कोणाबरोबर घरी गेलं ते बघणं, एवढं कोणालाही जमेल. महिन्यातून एक संध्याकाळ प्रत्येक घराने द्यायची असं ॲडमिशनच्या फॉर्मवरच लिहा ना.

सोडून_गेलेला_दादा
मी कॉलेजात असताना तीन वर्षं शिकवत होतो, मग सोडलं, आणि पैशासाठी नाही सोडलं. सुरुवातीला म्हणाले फक्त सुट्टीत ये, मग रोजच, मग स्पर्धेला पोरांना घेऊन जायचं तेही माझ्याच गळ्यात. परीक्षेच्या आठवड्यात गेलो नाही तर फोन, आणि एरवी वर्षभर कसा आहेस म्हणून कोणी विचारलं नाही. आठवड्याचे दोन वार ठरवून दिले असते, जोडीला अजून एक जण दिला असता आणि पंच परीक्षेची फी संस्थेने भरली असती तर मी आजही तिथे असतो. काका, तुमच्या काळात पाच वाजता घरी येणारी नोकरी होती, आता सात वाजता आम्ही लोकलमध्ये असतो.

जुना_आखाडा
वार ठरवून द्यायचं म्हणतोस ते मान्य, तसं व्हायलाच पाहिजे. पण बाबासाहेब, पालकांना सक्तीने हॉलमध्ये आणायला माझा साफ विरोध. आपलं पोर घाबरलं की आई धावत येते, पोर आणखी घाबरतं, पकड सुटते.

नर्स_मावशी
सक्ती नकोच, आणि वेगळ्या कारणासाठी. उलटं करताना मुलाच्या कमरेला, पाठीला हात लावावाच लागतो, तिथे कोणालाही उभं करू नका. ओळखीचा आहे, चांगल्या घरातला आहे, एवढ्यावर ठेवून घेतात, हे बंद झालं पाहिजे. पोलीस पडताळणी करा, हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं असू द्या, आधार कसा द्यायचा आणि कुठे हात लावायचा नाही ते पहिल्या दिवशीच दाखवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, किती व्यायामशाळांनी शिकवणाऱ्यांना बसवून तो समजावून सांगितला? यात शिकवणाऱ्या पोरांचंही संरक्षण आहे. आणि मान मुरगळल्याची शंका आली तर मुलाला उचलून बसवायचं नाही, जागचं हलवायचं नाही, हे सगळ्यांना पाठ हवं.

दोरीवाली_ताई
मावशी, पडताळणीचा मुद्दा लगेच घेते. काका, फी वाढवा असं मी म्हटलेलंच नाही. वार्षिक संमेलनाला मंडप, शाली, श्रीफळं यावर खर्च होतो त्यातून प्रवासखर्च सहज निघेल. पाहुण्यांना शाल आणि रोज घाम गाळणाऱ्या पोराला टाळ्या, हे मला बघवत नाही.

जुना_आखाडा
प्रवासखर्च द्या, पंच परीक्षेची फी द्या, मी स्वतः वर्गणी देतो. महिन्याचं मानधन मात्र नको, यावर मी पुढच्या मीटिंगमध्येही विरोधातच मत देणार.

सोडून_गेलेला_दादा
काका, कोणते दोन वार रिकामे आहेत ते कळवा, शनिवार असेल तर मी येतो.