विषय: आरमारी माजी सैनिकांच्या संघटना

असं म्हटलं जातं की अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रावर लढलेल्या सगळ्यांना एकदमच माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. नौदलापुरतं ते खरं आहे. पण दारूगोळा, तेल वाहून नेणाऱ्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना तो मिळाला नाही. जर्मन पाणबुड्यांनी त्यांची शेकडो जहाजं बुडवली, हजारो खलाशी मेले. तरी १९४४ च्या जीआय बिलातून, म्हणजे परतलेल्या सैनिकांना शिक्षण, घरकर्ज अशा सवलती देणाऱ्या कायद्यातून, ते वगळले गेले. त्यांच्यासाठीही अशीच तरतूद व्हावी, ही अपेक्षा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्यावर सही करतानाच व्यक्त केली होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती पूर्ण केली नाही.

दर्जा मिळाला तो थेट १९८८ मध्ये, तोही कोर्टात भांडून. तोवर शिक्षणाचं, घरकर्जाचं वय कधीच उलटून गेलं होतं, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय सेवा धरली ती १५ ऑगस्ट १९४५ पर्यंतचीच. ती मुदतही १९९८ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर १९४६ करावी लागली. त्यांना काँग्रेशनल गोल्ड मेडल, म्हणजे अमेरिकी संसदेचा मोठा सन्मान, देण्याचा कायदा तर २०२० चा. म्हणून या खलाशांच्या संघटनांकडे नुसती स्नेहमेळाव्यांची मंडळं म्हणून बघू नये. हक्क मागत राहणं हेच त्यांचं मुख्य काम होतं.