मदत हवी आहे: पुण्याहून गिरनार, सोमनाथ, द्वारका. आई-बाबा सोबत, कसं जावं?

नमस्कार मंडळी,

दिवाळीची सुट्टी धरून आई-बाबांना सौराष्ट्रात न्यायचं घाटतंय. ते दोघं सत्तरीच्या आसपास, शिवाय बायको आणि मी. बाबांचं एकच म्हणणं: गिरनारला दत्तपादुकांचं दर्शन, आणि तेही सोमवारी, म्हणजे कमंडलू कुंडावरची धुनी प्रज्वलित होताना बघता येईल. आईला सोमनाथ-द्वारका. बायकोला सासण-गीरचे सिंह. मला कुणी विचारलेलं नाही, पण जमलं तर दीव.

नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं, पण गिरनारच्या पायथ्याच्या जुनागढपासून सोमनाथच ९५ किमीच्या आसपास आहे आणि सोमनाथहून पोरबंदरमार्गे द्वारका आणखी सव्वादोनशेच्या वर. त्यामुळे कुठून शिरावं आणि कुठून बाहेर पडावं हेच ठरत नाहीये.

विमान म्हटलं तर मुंबईहून राजकोट किंवा जामनगर. राजकोटचा २०२३ साली झालेला हिरासरचा विमानतळ शहराबाहेर ३० किमी, तोही अहमदाबादच्या बाजूला, म्हणजे जुनागढला जाणाऱ्याला उलटा. रेल्वेने पुणे–वेरावळ गाडी थेट जुनागढला सोडते, पण ती आठवड्यातून एकदाच. मुंबईहून सौराष्ट्र मेल थेट द्वारकेला जाते. स्वतःची गाडी काढली तर सुरतजवळच्या हजिऱ्याहून गाडीसकट बोटीत बसून घोघ्याला उतरायचं, हे मला फार खुणावतंय. खंभातच्या आखाताला पडणारा पावणेचारशे किमीचा वळसा नव्वदेक किमीच्या समुद्रप्रवासात संपतो. खाजगी स्लीपर बस आईने ऐकताक्षणी बाद केली. तिचे गुडघे वरच्या बर्थवर चढू देत नाहीत आणि रात्री बस कधी, कुठे थांबेल याचा भरवसा नाही.

कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

वाहनाचं नंतर बघू, आधी पंचांग काढा. दिवाळी ते लाभपंचमी अख्खा गुजरात फिरायला निघालेला असतो. दीव, सोमनाथ, सासण कुठेही खोली मिळणं मुश्कील, मिळाली तर दर ऐकून परत फिराल. त्यानंतर कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा गिरनारची लीली परिक्रमा. लाखो माणसं येतात, पायथ्याच्या भवनाथ तळेटीत पाय ठेवायला जागा नसते. आई-बाबांना या दिवसांत नेऊच नका. पौर्णिमा उलटल्यावर जा, हवाही छान असते.

आता क्रम. गिरनार आधी उरका. २०२० साली रोपवे झाल्यापासून लोकांना वाटतं, बसलं की पादुकांपाशी उतरलं. तसं नाही. रोपवे वाटेतल्या अंबाजी मंदिरापर्यंतच जातो. तिथून गोरक्षनाथ शिखर चढायचं, मग उतरायचं, मग पुन्हा दत्तशिखर चढायचं. आणखी पाचेक हजार पायऱ्या आहेत, आणि तेवढंच अंतर परत यायचं. कमंडलूची वाट दत्तशिखराच्या अलीकडे खाली उतरते, त्या पायऱ्या वेगळ्या. त्यात वारा सुटला की रोपवे बंद. म्हणून जुनागढला एक दिवस राखून ठेवा. गिरनार शेवटी ठेवला आणि नेमका त्या दिवशी वारा असला, तर बाबा आयुष्यभर ऐकवतील.

म्हणून रविवारी दुपारपर्यंत जुनागढ, सोमवारी गिरनार, मंगळवारी पूर्ण विश्रांती. पोटऱ्या अशा भरून येतात की खुर्चीतून उठताना आई गं होतं. पुढे सासण, सोमनाथ, मग पोरबंदरवरून द्वारका. हा किनाऱ्याचा रस्ता मस्त आहे, माधवपूरला थांबा, समुद्र अगदी रस्त्याला लागून आहे. परतीला आल्या वाटेने मागे फिरू नका. द्वारकेहून जामनगर १३० किमी, तिथून विमान, नाहीतर द्वारकेतूनच सौराष्ट्र मेल. दीव या आखणीत बसवायला गेलात तर एक मुक्काम वाढतो. मी असतो तर सोडलं असतं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, फक्त दीव सोडू नका हो, सोमनाथहून ८५ किमी तर आहे :)

बोटीबद्दल: गाडी खालच्या मजल्यावर लावून आपण वर बसायचं, हजिऱ्याहून साधारण चार तास. आई-बाबांना पाय मोकळे करता येतात, हा मोठा फायदा. पण पुण्याहून हजिरा एका दमात गाठून बोट पकडायच्या भानगडीत पडू नका, आदल्या रात्री सुरतला राहा. हवामान बिघडलं की फेरी रद्द होते, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. घोघ्याला उतरलात की भावनगर जवळच, तिथून अमरेलीमार्गे जुनागढ. मात्र स्वतःची गाडी नेली की द्वारकेहून ती परतही आणावी लागते. त्यापेक्षा राजकोटला उतरून चालकासह गाडी ठरवा आणि जामनगरला सोडा.

धागाकर्ता

लीली परिक्रमेचं ध्यानातच नव्हतं, वाचवलंत. तारखा पौर्णिमेनंतरच्या घेतोय. बोटीचा मोह आवरला, राजकोटला उतरून जामनगरहून परत हे पक्कं. दीववर घरात मतदान होईल. आता एवढंच सांगा: अंबाजीपासून पुढे आईसाठी डोली मिळते का, आणि बेट द्वारकेला अजून होडीनेच जावं लागतं का?

प्रतिसाद

डोली मिळते. बसणाऱ्याला आधी काट्यावर उभं करतात, दर वजनावर असतो. दत्तशिखरापर्यंत जाऊन-येऊन किती, ते निघण्याआधी स्पष्ट ठरवा. ओखा ते बेट द्वारका सुदर्शन सेतू फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, गाडी थेट बेटावर जाते. दुपारी मंदिर बंद असतं, सकाळी लवकर निघा.