मिरेना (गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन) बसवून पाच महिने झाले: रक्तस्राव आटोक्यात, पण महिन्याच्या मधोमध कळा. अनुभव हवे आहेत

नमस्कार मैत्रिणींनो,

वय ३७, एक मुलगी आठ वर्षांची, साताऱ्याजवळच्या माध्यमिक शाळेत शिकवते. एंडोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेरही वाढतो), सोबत अ‍ॅडिनोमायोसिसही (तसाच थर गर्भाशयाच्या स्नायूत शिरतो). लिहायला थोडा उशीरच केला, पण आता निर्णय घ्यायचाय आणि ज्यांनी हे अंगावर काढलंय त्यांच्याशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही.

मागची गोष्ट थोडक्यात. पाळी पहिल्यापासूनच त्रासाची. कॉलेजात असताना एका डॉक्टरांनी सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर दुसऱ्यांनी सांगितलं, मूल झालं की थांबेल. मूल झालं, आणि मुलगी दीड वर्षाची झाल्यावर कळा पूर्वीपेक्षा जोरात सुरू झाल्या. दर महिन्याला दोन दिवस मेफ्टालवर काढायचे, गाठी पडायच्या, दर तासाला पॅड बदलावं लागायचं. शौचाला बसलं की आत कोणीतरी सुरी फिरवतंय असं वाटायचं, आणि हे सांगायचीसुद्धा लाज वाटायची. यंदा मार्चमध्ये दहावीच्या पेपरला पर्यवेक्षण होतं. तीन तास वर्ग सोडता येत नाही. शेवटच्या तासाला मी भिंतीला पाठ लावून उभी होते, साडी खराब झाली होती, आणि पेपर गोळा करायला मुलांना पुढे बोलावलं, कारण मला त्यांच्याकडे पाठ करून चालता येत नव्हतं. त्या आठवड्यात हिमोग्लोबिन ८.२ आलं.

सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीवर पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ. मे महिन्याच्या सुट्टीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सिस्ट काढली, गर्भाशयाच्या मागे आतडं चिकटलं होतं ते सोडवलं, आणि त्याच भुलीत मिरेना बसवली. बसवताना दुखतं म्हणून अनेकजणी घाबरतात, माझ्या बाबतीत तो भाग कळलाच नाही. आणखी मूल नको हे आम्हा दोघांचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता.

इथे एक सांगते, कारण घरी हे समजावताना माझी फार ओढाताण झाली. आमच्याकडे सगळे 'तांबी बसवली' असंच म्हणतात. माझ्या जाऊबाईंना तांबीने खूप अंगावरून जायचं, म्हणून त्यांनी मला 'काढून टाक' असाच धोशा लावला. पण मिरेनात तांबं नसतंच. आकार तसाच इंग्रजी टी सारखा, पण दांड्यावर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं आणि सुरुवातीला त्यातलं दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम गर्भाशयात झिरपत राहतं. त्याने आतलं अस्तर पातळ होतं. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, याने कमी होतो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा कुठे मलाही नीट कळलं. तो कागद मी जाऊबाईंना नेऊन दाखवला.

आता पाच महिन्यांचा हिशेब. मी शाळेची एक जुनी टाचणवही घेतली आणि त्यात रोज दोन खुणा करते: डाग असला तर लाल पेन, दुखलं तर पेन्सिलने शून्य ते दहा आकडा. पहिल्या ३० दिवसांत २६ दिवस लाल. दुसऱ्या महिन्यात २१. थोडंच असायचं, कधी तपकिरी, कधी नुसता ठिपका, पण रोज. पातळ पॅड लावून लावून मांड्यांना पुरळ आलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तीन ते सहा महिने असं चालतं, तरी दीड महिन्यानंतर माझा धीर सुटायला लागला होता. मग तिसऱ्या महिन्यापासून उतरत गेलं. गेल्या महिन्यात फक्त सहा दिवस लाल. हिमोग्लोबिन ११.४ झालंय. जिना चढताना धाप लागत नाही. एवढ्यासाठी मी मिरेनाची खरोखर ऋणी आहे.

गौरी आल्या तेव्हा मात्र डाग सुरूच होते. आमच्या घरी पाळीत देवाचं काही करत नाहीत. मी दोन दिवस आधीपासून मनात घोळवत होते, सांगू की नको. शेवटी सकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगितलं की ही पाळी नाही, पण डाग आहेत, गेले कित्येक दिवस आहेत. त्यांनी थोडा वेळ काहीच उत्तर दिलं नाही. मग पुरणयंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मला तुझ्या वयात हेच होतं गं. कुणाला सांगितलं नाही. पुरण वाट तू." मुखवट्यांना हळदीकुंकूसुद्धा त्यांनी माझ्याच हातून लावून घेतलं. हे विषयाला सोडून वाटेल, पण रोज डाग असताना घरात काय धरायचं आणि काय सोडायचं हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकजणींना पडत असेल, म्हणून लिहिलं.

आता मुख्य अडचण. टाचणवही उलटून बघितली तर पेन्सिलचे मोठे आकडे लाल दिवसांवर नाहीतच. ते महिन्याच्या मधोमध आहेत. सलग तीन महिने, प्रत्येक वेळी तीन-चार दिवस, सहा-सात आकडा. डावीकडे ओटीपोटात, तिथून कंबरेत आणि मांडीपर्यंत. पूर्वीच्या नऊ-दहापेक्षा कमीच, शौचाच्या वेळचं दुखणंही बरंच गेलंय, पण रक्त नाही आणि कळ आहे याचा अर्थ मला लागत नव्हता. मला वाटलं सिस्ट परत आली.

डॉक्टरांचं म्हणणं असं: मिरेनाचं औषध मुख्यतः गर्भाशयातच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. त्यामुळे बहुतेक बायकांत अंडं तयार होणं थांबत नाही. आतल्या अस्तरावर ताबा आला तरी ओव्हरीचं चक्र चालू राहतं आणि गर्भाशयाबाहेरचे एंडोमेट्रिओसिसचे डाग त्या चक्राबरोबर दुखू शकतात. त्यांनी दोन पर्याय दिलेत. एक, आणखी तीन महिने थांबायचं, दुखेल तेव्हा गोळी आणि शेक. दोन, मिरेना तशीच ठेवून सोबत डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज सुरू करायची. त्याने अंडं तयार होणं दबतं, पण अंगावरचे रक्ताचे डाग पुन्हा वाढू शकतात, मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं घेतली तर हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. माझ्या आईला साठीत मनगटाचं फ्रॅक्चर झालंय, म्हणून हाडांचं ऐकल्यावर मी अडखळले.

मला विचारायचंय ते हे. मिरेना असताना महिन्याच्या मधल्या कळा कुणाला होत्या का, आणि त्या आपोआप कमी झाल्या का? झाल्या तर कितव्या महिन्यात? मिरेना आणि डायनोजेस्ट दोन्ही एकत्र कुणी घेतलंय का, किती दिवस? ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीचा कुणाला उपयोग झाला का? साताऱ्यात मला अजून असं कुणी सापडलेलं नाही, पुण्याला जायची तयारी आहे. आणि मिरेना बसल्यापासून हनुवटीवर फोड येतात आणि छाती जड वाटते, ते कुणाचं गेलं का?

'पिशवीच काढून टाक, कटकट संपेल' हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरून, शेजारून, स्टाफरूममधून रोज मिळतो. माझे एंडोमेट्रिओसिसचे डाग पिशवीच्या बाहेरही आहेत, नुसती पिशवी काढून ते जात नाहीत.

भर, दहा दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एका ताईंनी लिहिलं होतं की आधी मिरेनाचे दोरे तपासून घे आणि मिरेना जागेवर आहे का ते सोनोग्राफीत बघ, कारण सरकली असेल तरी दुखतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताप, घाण वासाचा स्राव किंवा अचानक न थांबणारी कळ आली तर थांबू नकोस, हेही त्यांनी बजावलं. परवा जाऊन आले. मिरेना जागेवर आहे. डाव्या ओव्हरीवर अडीच सेंटिमीटरची साधी, पाण्याची सिस्ट आहे, चॉकलेट सिस्ट नाही. मिरेना असताना अशा सिस्ट होऊ शकतात आणि बहुतेकदा आपोआप विरतात, असं डॉक्टर म्हणाले. सहा आठवड्यांनी परत सोनोग्राफी.

रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसून थोडं रडले. पाच महिन्यांची भीती होती ती.

तर डायनोजेस्ट तूर्त नाही. हाडांची तपासणी आणि ड जीवनसत्त्व बघून, सहा आठवड्यांनी ठरवायचं. टाचणवही चालू आहे. पुढच्या सत्रात पर्यवेक्षणाची यादी लागण्याआधी मुख्याध्यापकांना सांगून ठेवणार आहे की मला मधे पाच मिनिटं सुटका करणारं कुणीतरी हवं. ज्या नोकरी करतात त्यांनी हे कामाच्या ठिकाणी कोणत्या शब्दांत सांगितलं, ते कळवाल का? आमचे मुख्याध्यापक पुरुष आहेत, वयाने मोठे आहेत, आणि मला 'पोट दुखतं' असं खोटं गुळमुळीत कारण आता द्यायचं नाहीये.