मदत हवी आहे: इन्स्पेक्शनमध्ये घराची बाहेरची बाजू कितपत बघतात? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आम्ही मिडलसेक्स काउंटीत घर घेतोय. वकिलांचा कराराचा रिव्ह्यू झालाय, येत्या शनिवारी इन्स्पेक्शन. घर सत्तरच्या दशकातलं, व्हायनल सायडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं प्लास्टिकचं आवरण), मागे नंतर जोडलेला लाकडी डेक. आतलं काय बघायचं ते बऱ्यापैकी कळतंय. बाहेरचं विचारलं की एजंट म्हणतो, "इन्स्पेक्टर सगळं बघतो." त्या सगळ्यात काय येतं?

विचारायचं कारण असं. परवा पाऊस पडून गेल्यावर घर पुन्हा बघितलं. मागच्या कोपऱ्यात पन्हळीचा पाइप भिंतीलगतच संपतो, जमिनीचा उतारही घराकडेच. पाणी पायाशी साचलं होतं. बेसमेंटमध्ये नेमक्या त्याच कोपऱ्यात लोणा लागल्यासारखी पांढरी भुकटी आहे. शिवाय बाजूच्या भिंतीजवळ जमिनीतून एक गंजका पाइप वर आलाय, टोपण असलेला. घरात आता गॅसचं हीटिंग आहे. खाली आधीच्या हीटिंगची जुनी ऑइलची टाकी तर नसेल? सासू-सासरे आमच्याकडे बेसमेंटमध्येच राहणार आहेत, त्यामुळे ओलीची फार काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

इन्स्पेक्शन म्हणजे डोळ्यांनी दिसेल तेवढंच. सायडिंग काढत नाहीत, खणत नाहीत. सायडिंग, फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेली पट्टी), बाहेरची दारं, छपराच्या कडेखालच्या फळ्या, पायऱ्या, कठडे, ड्राइव्हवे, भिंतीला टेकलेली झाडं आणि जमिनीचा उतार हे बघतात. कुंपण आणि बागेतली शेड सहसा धरत नाहीत. वाळवीची तपासणी वेगळी सांगावी लागते, ती नक्की करा.

उताराचं तुम्ही बरोबर हेरलंत. पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरायला हवी. पाइप लांबवणं आणि माती भरणं हे तसं स्वस्तातलं काम, पण भिंतीला आडवी भेग किंवा फुगवटा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा. इन्स्पेक्टरला तो कोपरा आतून-बाहेरून सोबत उभं राहून दाखवा.

डेक जिथे घराला जोडलाय ती फळी मुद्दाम बघायला सांगा. नुसत्या खिळ्यांवर असेल तर धोका आहे, बोल्ट किंवा त्यासाठीचे खास स्क्रू हवेत, वर फ्लॅशिंग हवं. नाहीतर मागे पाणी मुरून लाकूड कुजतं आणि डेक घरापासून सुटतो. जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा किमान ३६ इंच आणि गजांमधली फट ४ इंचांहून कमी हवी.

प्रतिसाद २

त्या पाइपचं अजिबात अंगावर काढू नका. टँक स्वीप (जमिनीखाली टाकी आहे का ते शोधणारी तपासणी) स्वतंत्रपणे करून घ्या, नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ते नसतं. टाकी गळकी निघाली तर मातीची सफाई नव्या मालकाच्या गळ्यात पडते आणि खर्च हजारो डॉलर्सचा असतो. टाउनशिपकडे आजच ओप्राचा (सरकारी नोंदी मागण्याच्या कायद्याखालचा) अर्ज टाका: टाकी काढल्याची नोंद आणि डेकचं परमिट, दोन्ही मागा.

धागाकर्ती

मनापासून आभार! अर्ज टाकला, स्वीपवाल्यालाही शनिवारीच बोलावतेय. डेकचं परमिट नसलं तर विक्रेत्याने क्लोजिंगआधी (घर आमच्या नावावर होण्याआधी) ते काढून द्यावं, असं मागता येतं का?

प्रतिसाद २

मागता येतं, पण वकिलांमार्फत लेखी, आणि करारातली इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत. तोंडी आश्वासनावर राहू नका.