फिजिबिलिटी रिपोर्टच्या स्लाइडना आवाज द्यायचा विषय: सोसायटी ग्रुप, विलेपार्ले पूर्व

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपली इमारत पाडून नवी बांधणं कितपत जमेल, याचा फिजिबिलिटी रिपोर्ट पीएमसींनी (आपल्या प्रकल्प सल्लागारांनी) रविवारी दाखवला. त्याच्या स्लाइड वर टाकल्या आहेत. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन तृतीयांश हजेरी लागते, म्हणजे ३६ पैकी २४. पुनर्विकासाच्या ठरावाला एकूण सभासदांच्या ५१ टक्के, म्हणजे १९ मतं. सर्वांनी वाचून प्रश्न पाठवावेत.

ए-७: वाचून कसं पाठवणार साहेब? ४२ स्लाइड चाळीस मिनिटांत पळवल्या. मी पुढच्या रांगेत होतो, तरी तक्ते दिसले नाहीत. मोबाइलवर तर अक्षर मुंगीएवढं आहे.

सी-४: आमच्या बांना इंग्रजी येत नाही, मराठीही सावकाश वाचतात. रोज विचारतात, नवीन घर मोठं मिळणार का? 'फंजिबल' म्हणजे काय तेच मला कळलं नाही, त्यांना काय सांगू?

बी-९: आजोबा बोलतायत, मी टाइप करतोय. "काचबिंदूमुळे मला पडदा दिसत नाही. दोन तास बसलो. ते सारखं 'हे इथे बघा, आता हे बघा' म्हणत होते. १९७४ पासून या घरात आहे. सही माझीही लागणार. पडद्यावर काय होतं ते कोणी सांगेल का?"

ए-११ (ताई): आजोबा, मी सांगते. आणि एकट्या तुम्हाला नाही, सगळ्यांनाच. त्याच पीपीटीत प्रत्येक स्लाइडवर आवाज भरता येतो आणि त्याचा व्हिडिओ करता येतो. घरी बसून, थांबवून, परत लावून ऐकता येईल. मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होते, बोलायचं काम माझ्याकडे द्या. कॉम्प्युटरचं कोणी तरी बघा.

ए-७: ताई, मग रविवारचं व्हिडिओ शूटिंग आहेच की. तेच का नाही ऐकवत?

ए-११ (ताई): ते ऐकलं मी. त्यात खुर्च्यांचा आवाज आहे, मधेच वाद आहेत, आणि बोलणारा पडद्याकडे तोंड करून बोलतोय. शिवाय तेच "हे इथे बघा". ज्याला दिसत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही.

सी-१२: कॉम्प्युटरचं मी बघतो. ऑफिसात हेच करतो. पॉवरपॉइंटमध्ये 'स्लाइड शो'मध्ये जाऊन 'रेकॉर्ड' दाबायचं. तीन, दोन, एक मोजून सुरू होतं. आवाज एका लांबलचक फितीसारखा साठत नाही, प्रत्येक स्लाइडचा वेगळा साठतो. त्यामुळे बाराव्या स्लाइडवर अडखळलात तर फक्त बारावी परत करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. लॅपटॉपचा कॅमेरा मात्र आधी बंद करू, नाहीतर कोपऱ्यात आपला चेहरा येतो.

सी-१२: एक महत्त्वाचं. स्लाइड बदलत असताना बोललेलं रेकॉर्ड होत नाही. वाक्य पूर्ण करायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढची स्लाइड. नवी आली की पुन्हा क्षणभर थांबून सुरुवात. नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो, आणि आपल्याकडे पहिला शब्द बहुतेक वेळा आकडा असेल.

डी-३: एक मुद्दा मांडतो, कोणी वाईट वाटून घेऊ नये. आवाज कमिटीतल्या माणसाचा नको. ज्याचं मत ठरलेलं आहे, ते त्याच्या स्वरात उतरतं. 'कॉर्पस', म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम, हा शब्द खूश होऊन म्हटला की ऐकणाऱ्याला ती ऑफर वाटते. अजून बिल्डर आलेला नाही, हा फक्त अंदाज आहे.

सेक्रेटरी: मान्य. ताई कमिटीत नाहीत. आणि पहिल्याच स्लाइडवर त्या स्पष्ट सांगतील की हे समजावण्यासाठी आहे, अधिकृत तो छापील रिपोर्टच.

ए-११ (ताई): डी-३ काकांचं बरोबर आहे. म्हणूनच मी ऐनवेळी सुचेल ते बोलणार नाही. प्रत्येक स्लाइडचं बोलणं लिहून काढते, ग्रुपवर टाकते, तुम्ही सगळे तपासा. मगच माइकसमोर बसेन.

सी-१२: ते लिखाण खालच्या 'नोट्स'मध्ये टाकतो. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर दिसेल, व्हिडिओत येणार नाही. कागद नकोत, पान उलटल्याचा आवाज फार येतो.

ए-११ (ताई): ४२ स्लाइडना आवाज देण्यात अर्थ नाही. त्यातल्या १६ सभासदांच्या कामाच्या आहेत. लिहायची पद्धत बघा. पाचव्या स्लाइडवर फक्त एवढंच आहे: 'फंजिबल ३५ टक्के'. मी असं लिहिलंय:

"स्लाइड पाच. इथे एकच ओळ आहे, फंजिबल पस्तीस टक्के. प्लॉटवर जेवढं बांधकाम करायला परवानगी आहे, त्याच्यावर आणखी पस्तीस टक्क्यांपर्यंत क्षेत्र नियमाने मिळू शकतं. त्याला फंजिबल म्हणतात. तुमचं घर पस्तीस टक्के वाढणार, असा याचा अर्थ नाही. घर किती वाढेल ते स्लाइड नऊवर आहे."

सी-४: ताई!! हे आत्ता कळलं मला. बांना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हेच तेव्हा का नाही सांगितलं.

डी-३: 'मिळू शकतं' हा शब्द तसाच ठेवा. आपण फनेल झोनमध्ये आहोत. विमानतळामुळे उंचीवर मर्यादा आहे, म्हणजे मिळालेलं सगळं क्षेत्र प्लॉटवर बसेलच असं नाही. स्लाइड सहामध्ये हे कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे. बोलताना ते पहिलं यायला हवं.

ए-११ (ताई): घेतलं. आणि कार्पेटचंही. रेरा कायद्यातला कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, आपल्या जुन्या कागदांवरच्या मापाशी थेट ताडता येत नाही. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. हे स्लाइडवर कुठेच नाही, पण याच्यावरूनच उद्या भांडणं होतील.

बी-२: रेकॉर्डिंग कुठे? सोसायटीच्या ऑफिसात एसी आहे.

ए-११ (ताई): ऑफिस नको. एसी घुमतो आणि रिकाम्या भिंतींवरून आवाज परत येतो. माझ्या बेडरूममध्ये करू. कपड्यांचं कपाट उघडं, खिडकीला गोधडी, पंखा बंद, फ्रिजपासून लांब, फोन एअरप्लेनवर. माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा त्याच्यावर आपटत नाही. 'फंजिबल'मुळे ते फार सांभाळावं लागणार! विमान आलं की थांबायचं, गेल्यावर वाक्य पहिल्यापासून. कुकरची शिट्टी झाली तरी तसंच. मजल्यावरच्या सगळ्यांना विनंती, रविवारी सकाळी ६ ते ८ ड्रिल मशीन नको 🙏

(रविवार)

सी-१२: झालं. १६ स्लाइड, २३ मिनिटं. एमपी-४ करून टाकतोय. डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबला जातो आणि तक्ते पुसट होतात. ज्या स्लाइडना आवाज नाही त्या यातून काढल्या, नाहीतर त्या पाच-पाच सेकंदांत निघून गेल्या असत्या आणि परत गोंधळ.

सेक्रेटरी: ताई, एक अडचण. पीएमसींचा आत्ताच मेल आला, बांधकाम चालू असताना बाहेर राहायच्या भाड्याच्या तक्त्यात चूक होती. स्लाइड ११ मधले दोन आकडे बदलले. सगळं परत करावं लागेल का?

सी-१२: नाही काका. म्हणूनच स्लाइडगणिक केलंय. तक्ता दुरुस्त करतो, अकराव्या स्लाइडचा जुना आवाज पुसतो, ताई तेवढीच बोलतील. जुनी फाइल मात्र सर्वांनी डिलीट करा. नव्याच्या नावात तारीख टाकलीय.

ए-११ (ताई): पंधरा मिनिटांत करते. 'आकडे दुरुस्त केले आहेत' हे वाक्य त्यात घालते, कोणाला लपवाछपवी वाटायला नको.

सी-४: गुजरातीत मी बोलू का? ताईंचं लिखाण समोर आहेच, मी आणि बा मिळून भाषांतर करू. आमच्या विंगमध्ये पाच घरं तरी ऐकतील.

सी-१२: जरूर. फाइलची दुसरी प्रत काढून देतो, त्यातला आवाज पुसून तुमचा भरू. मराठीची फाइल तशीच राहील.

ए-७: ऐकला पूर्ण. बायकोने आणि मी थांबवून थांबवून, वही घेऊन. चार प्रश्न निघाले, सेक्रेटरींना लेखी देतोय.

बी-९: आजोबा: "तीन वेळा ऐकलं. स्लाइड नऊ समजली, भाड्याचंही समजलं. सातवीत नवीन मजल्याचा नकाशा आहे ना? त्यात 'लिफ्टच्या शेजारी जिना' एवढंच आहे. लिफ्टमधून बाहेर आल्यावर माझं दार कुठल्या हाताला आणि मधे पायरी आहे का, ते सांगाल का?"

ए-११ (ताई): आजोबा, चुकलंच माझं. नकाशा मला दिसत होता म्हणून राहून गेलं. आत्ता नकाशा उघडून बसलेय. दार उजव्या हाताला, तिसरं. पायरीचं नकाशात दाखवलेलं नाही, ते पीएमसींना विचारते. उत्तर आलं की सातवी परत रेकॉर्ड करते.

सेक्रेटरी: पायरीचा प्रश्न आत्ताच मेल केला. उत्तर इथेच टाकतो.