बेळगावात बी.कॉम. अर्धं झालंय, न्यू जर्सीत क्रेडिट आणि परीक्षांवर स्वस्तात असोसिएट डिग्री कशी करायची?

निपाणीकर:
बहिणीसाठी विचारतोय. राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.कॉम.ची चार सेमिस्टर पास आहे, पाचव्याला लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. एच-४ व्हिसा आहे, म्हणजे तिकडे नोकरीवर असलेल्याच्या जोडीदाराचा. तिकडे दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते आणि जुने विषय धरून उरलेलं परीक्षा देऊन भरता येतं, असं कळलं. क्लेप नावाची, वर्गात न बसता विषयाचे क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा आत्ताच देऊन टाकू म्हणतेय. कुठून सुरुवात करावी? कागदं इथून आम्हालाच काढून पाठवावी लागणार.

शहापूर_पेठ:
परीक्षा आत्ता नको, आधी कॉलेज ठरवा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. क्लेपवर किती क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) द्यायचे याची शिफारस एसीई ही अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांची संघटना करते, पण कॉलेजवर ती बंधनकारक नाही. एकच परीक्षा एका कॉलेजात ६ क्रेडिटची, दुसऱ्यात ३ ची, तिसऱ्यात शून्य.

असोसिएट म्हणजे साधारण ६० क्रेडिट. न्यू जर्सीत तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, तिच्या काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) कम्युनिटी कॉलेज, त्यालाच काउंटी कॉलेजही म्हणतात. तिथे ठरावीक क्रेडिट त्यांच्याकडेच करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी १५ किंवा त्याहून जास्त. दुसरी, ट्रेंटनचं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी. १९७२ पासून हे नोकरदार आणि प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच चालतं आणि बाहेरचे क्रेडिट सढळ हाताने घेतं. पण बाहेरचं जास्त नि तिथलं कमी असेल तर अशा विद्यापीठांत त्याची वेगळी फी लागू शकते. नुसता 'प्रति क्रेडिट' दर बघून हिशेब करू नका. अर्ज, मूल्यमापन, पदवी अशी प्रत्येक फी एका कागदावर मांडून मगच तुलना करा.

पुढे बॅचलर करायचं असेल तर पदवीचं नाव नीट बघा. न्यू जर्सीच्या २००७ च्या कायद्याने तिथल्या काउंटी कॉलेजची ए.ए. (आर्ट्स) किंवा ए.एस. (सायन्स) ही असोसिएट पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पूर्ण धरली जाते. ए.ए.एस. (अप्लाइड सायन्स) ही थेट नोकरीसाठीची पदवी, तिला ते संरक्षण नाही. नावात एका अक्षराचा फरक, पण पुढे जवळपास वर्षभराचं शिक्षण पुन्हा करावं लागू शकतं.

एच-४ वर शिकता येतं, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. काउंटीच्या रहिवाशांचा कमी दर या व्हिसावर लागू होतो का, हे प्रवेश विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

खानापूर_रोड:
कागदांचं मी सांगते. भारतातले मार्क तिथलं कॉलेज थेट वाचत नाही. मूल्यमापन संस्थेकडून विषयवार अहवाल लागतो, इंग्रजीत 'कोर्स बाय कोर्स'. नुसता 'डॉक्युमेंट' अहवाल स्वस्त पडतो, पण त्यात विषयनिहाय क्रेडिट नसतात, म्हणजे तुमच्या कामाला तो शून्य. डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्था आहेत. कॉलेज कुणाचा अहवाल घेतं ते आधी बघा, आणि अर्धवट राहिलेल्या पदवीचं मूल्यमापन ती संस्था करते का तेही विचारा.

विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढा. चारही सेमिस्टरची गुणपत्रकं आणि पीयूसी दुसऱ्या वर्षाचं (बारावीचं) गुणपत्रक जवळ ठेवा. जायच्या आधी फोन करून परीक्षा विभाग कुठल्या आवारात बसतो ते विचारा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. पाकीट विद्यापीठानेच बंद करून, तोंडावर सही-शिक्का मारून, शक्यतो थेट संस्थेकडे पाठवायचं असतं. संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक पाकिटावर हवाच. घरी आणून 'बघू काय आहे' म्हणून उघडलं की ते बाद.

आपल्याकडे दुसरी अडचण नावाची. कर्नाटकातल्या गुणपत्रकावर बहुधा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं पूर्ण नाव नि आडनाव. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. ते फक्त कन्नडात असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. 'बेलगाम' आणि 'बेळगावी' या फरकाने सहसा अडत नाही, २०१४ मध्ये नाव बदलल्याचं सगळीकडे नोंदलेलं आहे.

निपाणीकर:
ताई, दादा, उपकार झाले. म्हणजे अहवाल आल्यावर परीक्षा. पण त्यातल्या कुठल्या द्यायच्या? अकाउंट्स तिचं पक्कं आहे, त्याचीच देऊ म्हणतेय.

वडगावचा_मास्तर:
अकाउंट्सची देऊ नये. बी.कॉम.चे अकाउंट्सचे विषय अहवालात येणारच, मग त्याच विषयावर परीक्षा दिली तर क्रेडिट दोनदा मिळत नाही. शिवाय क्लेपचं अकाउंटिंग अमेरिकी नियमांचं. आपल्या लेखामानकांत लिफो (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरून साठ्याची किंमत काढणं) चालत नाही, तिथे चालतो.

बी.कॉम.मुळे वाणिज्य आणि ऐच्छिक विषयांचा भाग भरतो. रिकामी राहते ती सामान्य शिक्षणाची बाजू: इंग्रजी लेखन, विज्ञान, अमेरिकी इतिहास किंवा शासन. परीक्षा तिथेच वापरायच्या. मराठी भाषाविषय घेतला असेल तर तो परकीय भाषेत किंवा मानव्यविद्येत बसवतात का ते सल्लागाराला आवर्जून विचारा. क्लेपमध्ये भाषांच्या परीक्षा फक्त स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मनच्या.

नॅचरल सायन्सेसमध्ये सुमारे १२० प्रश्न, ९० मिनिटं; निम्मं जीवशास्त्र, निम्मं भौतिक विज्ञान. एसीईची शिफारस ६ क्रेडिट. वाणिज्यवाल्यांनी दहावीपर्यंतचं विज्ञान नीट उजळलं तर पाया तयार होतो, वर खगोल आणि भूविज्ञान वाचावं लागतं. कॉलेज कंपोझिशनमध्ये ५५ मिनिटांत सुमारे ५० प्रश्न आणि मग ७० मिनिटांत दोन निबंध. दुसऱ्या निबंधात दिलेल्या दोन उताऱ्यांचा आधार घेऊन बाजू मांडायची असते. आपली मुलं इथेच अडकतात, कारण सुंदर प्रस्तावना लिहितात आणि उतारे वापरतच नाहीत. 'मॉड्युलर' नावाची सोपी वाटणारी आवृत्ती कॉलेजला चालते का हे विचारल्याशिवाय निवडू नये.

गुण २० ते ८० मध्ये मिळतात, ५० ही एसीईची शिफारस. हे ५० टक्के नव्हेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. नापास झाली तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही. तेव्हा प्रवेशाच्या मुदतीच्या आधी तेवढी मोकळीक ठेवा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं.

शहापूर_पेठ:
खर्चाचं राहिलंच. क्लेपची फी शंभर डॉलरच्या आत असते, परीक्षा केंद्राची फी वेगळी. मॉडर्न स्टेट्स या वेबसाइटवर त्याच विषयाचा मोफत कोर्स पूर्ण केला की परीक्षा फीचं व्हाउचर मिळतं. ते नोंदणी करताना घालायचं, आधी पैसे भरून मग मागायचं नाही. नोंदणी करताना कॉलेजचं नाव निवडलं तर गुण तिथे फुकट जातात, नंतर पाठवायला पैसे पडतात.

सोफिया नावाचे ऑनलाइन कोर्स महिन्याला ९९ डॉलरच्या वर्गणीवर मिळतात, एका वेळी दोन उघडे ठेवता येतात. लेखी 'टचस्टोन' (कोर्समधला मोठा स्वाध्याय) तपासून यायला दिवस लागतात, म्हणून महिन्याच्या शेवटी तसा कोर्स सुरू केला की दुसऱ्या महिन्याची वर्गणी बसते. थॉमस एडिसनसारखी विद्यापीठं ते घेतात, काउंटी कॉलेजं अनेकदा घेत नाहीत. तुमच्या कॉलेजच्या सल्लागाराने 'हा कोर्स अमुक विषयाच्या जागी' असं लिहून दिलं तरच वर्गणी भरा.